१४ गाड्यांना जीपीएस बसवावे का? खर्च, प्रत्यक्ष फायदा आणि चालकांचा विश्वास याविषयी अनुभव हवे आहेत

प्रश्न : निफाडकर१४

नमस्कार. आमचा मालवाहतुकीचा व्यवसाय पिंपळगाव बसवंत येथे आहे. वडिलांनी १९९४ मध्ये एका जुन्या ट्रकवर तो सुरू केला आणि आज आमच्याकडे १४ गाड्या आहेत. त्यांपैकी ९ ट्रक वर्षभर कांदा व भाजीपाला घेऊन वाशीच्या बाजार समितीत जातात, तर ५ ट्रेलर द्राक्षांच्या हंगामात, म्हणजे साधारण जानेवारी ते एप्रिल, निर्यातीचे शीतकंटेनर घेऊन न्हावा शेवा बंदराकडे धावतात. परतीचा माल मिळाला तर भिवंडीच्या गोदामांतून सातपूर-अंबडकडे येतो, न मिळाल्यास गाडी रिकामी परत येते.

गाडी कोठे आहे हे कळण्याचा आजवर आमच्याकडे एकच मार्ग होता, तो म्हणजे चालकाला फोन करणे. गेल्या महिन्यात मात्र एक गोष्ट घडली आणि ती मनाला लागून राहिली. कांद्याची एक गाडी पहाटे पावणेतीन वाजता वाशीला पोहोचली, माल सकाळी अकरानंतर उतरला, आणि व्यापाऱ्याने ‘गाडी उशिरा आली, बाजार चुकला’ असे सांगून भाड्यातून ३,००० रुपये कापून घेतले. आमचा चालक खोटे बोलणारा नाही, हे मी पंधरा वर्षे पाहत आलो आहे. परंतु त्याचे म्हणणे सिद्ध करील असा कागद माझ्याकडे नव्हता.

त्यानंतर मी जीपीएसची दरपत्रके मागवली. यंत्र आणि पहिल्या वर्षाची सेवा मिळून गाडीमागे ४,२०० रुपये, म्हणजे १४ गाड्यांचे ५८,८०० रुपये होतात. दुसऱ्या वर्षापासून गाडीमागे १,८०० रुपये भरावे लागतील. डिझेलच्या टाकीत बसवायच्या सेन्सरचा खर्च वेगळा आहे. हा पैसा खरोखर वसूल होतो का, आणि होत असेल तर नेमका कोठून, हे मला समजून घ्यायचे आहे. दुसरी अडचण घरातली आहे. ज्याच्या हाती वीस-पंचवीस लाखांची गाडी विश्वासाने सोपवली, त्याच्यामागे यंत्र लावणे वडिलांना पटत नाही, आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. ज्यांनी हे केले आहे त्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.


उत्तर १ : कृष्णाकाठचा

नमस्कार. आमचे दुधाचे ११ टँकर वाळवा तालुक्यातून नवी मुंबईकडे जातात. माल वेगळा असला तरी आपली आणि आमची कथा एकच आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

आम्हीही सुरुवातीला डिझेलची चोरी पकडण्याच्या विचाराने यंत्रे बसवली होती. पहिले दोन महिने मी रोज रात्री नकाशा उघडून कोणती गाडी कोणत्या ढाब्यावर किती वेळ थांबली एवढेच पाहत असे, आणि त्यातून हाती काहीच लागले नाही. तिसऱ्या महिन्यात माझ्या वहिनींनी, ज्या आमचा हिशेब पाहतात, प्रत्येक फेरीचे चार भाग करून तक्ता मांडला : भरायला लागलेला वेळ, जातानाचा वेळ, उतरवायला लागलेला वेळ आणि परतीचा वेळ. तो तक्ता पाहिल्यावर आमची गळती कोठे आहे हे कळले. डेअरीपाशी पोहोचल्यापासून टँकर रिकामा होऊन बाहेर पडेपर्यंत ३ तास धरून आम्ही भाडे ठरवले होते, प्रत्यक्षात सरासरी साडेसहा तास जात होते. महिन्याला आमच्या १३२ फेऱ्या होत असत. फेरीमागे साडेतीन तासांची खोटी, म्हणजे वाया गेलेला वेळ, धरली तर महिन्याला ४६२ तास झाले, म्हणजे आमचा एक टँकर महिन्यातले १९ दिवस नुसता उभा असल्यासारखेच होते. त्या काळात आम्ही बारावा टँकर घेण्यासाठी बँकेत कर्जाचा अर्ज देण्याच्या तयारीत होतो, हे सांगितल्याशिवाय राहवत नाही.

हा तक्ता घेऊन आम्ही माल घेणाऱ्यांकडे गेलो. त्यांच्याशी भांडण केले नाही. त्यांच्याच फाटकावरच्या नोंदवहीतील वेळा आमच्या नोंदींशी ताडून दाखवल्या. सगळे टँकर पहाटे चार ते सहा या दोन तासांत येऊन रांग लावतात हे त्यांनाही त्या दिवशी प्रथमच कागदावर दिसले. त्यानंतर त्यांनी आम्हाला वेळा वाटून दिल्या आणि आम्ही गाड्या तशाच अंतराने सोडू लागलो. आता एक टँकर महिन्याला १२ ऐवजी १३, कधी १४ फेऱ्या करतो. बाराव्या टँकरचा विषय तेथेच संपला. यंत्रांचा खर्च कोठून वसूल होतो, या आपल्या प्रश्नाला माझ्यापुरते उत्तर हे आहे.

आपल्या वाशीच्या प्रसंगात तर लाभ आणखी सरळ आहे. गाडी किती वाजता आली आणि किती वाजता निघाली याची नोंद हाती असली की पैसे कापणाऱ्याला आधी विचार करावा लागतो. मात्र ती नोंद उपयोगी पडण्यासाठी बिल्टीवर किंवा वार्षिक करारात ‘पोहोचल्यापासून इतक्या तासांनंतर ताशी इतके हॉल्टिंग (गाडी थांबवून ठेवल्याचे पैसे)’ असे आधी लिहून घ्या. तसे लिहिलेले नसेल तर नोंद असूनही पैसे मिळत नाहीत, हा आमचा पहिल्या वर्षाचा अनुभव आहे.

परतीच्या मालाविषयीही सांगतो. गाडी रिकामी केव्हा होणार हे दोन तास आधी कळले तर भिवंडीतल्या एजंटाला तेव्हाच सांगता येते आणि तो माल राखून ठेवतो. कांदा-द्राक्षांना ई-वे बिल, म्हणजे जीएसटीखाली माल नेताना ऑनलाइन काढायचे पत्र, लागत नाही, परंतु भिवंडीहून भरलेल्या मालाला ते बहुतेक वेळा लागते. त्याची मुदत २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजली जाते, आणि ती वाढवायची असल्यास संपण्याच्या आधीच्या किंवा नंतरच्या ८ तासांतच वाढवता येते. गाडी वाटेत बिघडली तर चालक आधी मेकॅनिक शोधतो, मुदतीचे त्याच्या ध्यानात येत नाही. कार्यालयात बसलेल्या माणसाला गाडी चार तास हललेली नाही हे दिसत असेल तर तो ती मुदत वेळेत वाढवून घेतो आणि तपासणीत गाडी अडकण्याची वेळ येत नाही.


उत्तर २ : तारजोडणी_भोसरी

मी गेली नऊ वर्षे भोसरी-चाकण भागात ही यंत्रे बसवण्याचे काम करतो. विक्री करत नसल्यामुळे मोकळेपणाने लिहू शकतो.

पहिला गैरसमज असा असतो की उपग्रह गाडीला ‘पाहतो’. तसे काहीही नसते. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणारे उपग्रह केवळ वेळ आणि आपली जागा सांगणारे संकेत पाठवत असतात. गाडीतील यंत्र किमान चार उपग्रहांचे संकेत पकडून स्वतःची जागा काढते आणि मग सिमकार्डाच्या साहाय्याने, साध्या मोबाइलच्या जाळ्यावरून, ती माहिती सर्व्हरकडे धाडते. म्हणजे दोन गोष्टी वेगवेगळ्या कारणांनी बंद पडू शकतात. इगतपुरी ते कसारा दरम्यान समृद्धी महामार्गाचा सुमारे ८ किलोमीटरचा बोगदा आहे, तेथे आकाशच दिसत नाही म्हणून जागा कळत नाही. घाटात काही ठिकाणी जागा कळते, परंतु मोबाइलचे जाळे नसते. या दुसऱ्या वेळी चांगले यंत्र नोंदी स्वतःपाशी साठवून ठेवते आणि जाळे मिळताच मागच्या वेळेसह पाठवते. घेण्याआधी ही सोय आहे का ते स्वतः तपासून पाहा : गाडी चालू असताना यंत्राचे अँटेना न काढता केवळ सिम बंद करायला सांगा, दहा किलोमीटर फिरून या, सिम पुन्हा सुरू करा आणि मधला रस्ता नकाशावर उमटतो का ते बघा. विक्रेता ही चाचणी टाळत असेल तर तेथून घेऊ नका.

डिझेलच्या सेन्सरबाबत घाई करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. टाकीत उभी सोडलेली दांडी डिझेलची पातळी मोजते, लिटर मोजत नाही. टाकी रिकामी करून दर वेळी २० लिटर ओतत प्रत्येक पातळीची नोंद घ्यावी लागते, तेव्हा कोठे पातळीचे लिटरमध्ये रूपांतर होते. या कामाला एका टाकीमागे दोन-अडीच तास लागतात, आणि बहुतेक ठिकाणी ते न करता त्याच प्रकारच्या दुसऱ्या गाडीचा तक्ता तसाच भरून दिला जातो. नंतर आकडे चुकतात आणि बोल मात्र चालकाला लागतो. आपल्या गाड्या रोज घाट चढतात-उतरतात, तेव्हा उतारावर टाकीतील डिझेल एका बाजूला सरकणारच. सुरुवातीला सेन्सर न लावता, जीपीएसवर मोजलेले अंतर आणि पंपावरच्या पावत्या यांवरून दर टाकीचे ॲव्हरेज काढा. टाकी प्रत्येक वेळी पूर्ण भरण्याची शिस्त पाळली तर एवढ्यानेच बरेच काही कळते. इंजिन चालू ठेवून गाडी किती तास उभी राहिली हा आकडाही इग्निशनच्या तारेवरून मिळतो, त्याला वेगळा सेन्सर लागत नाही.

मोबाइलवरून गाडी बंद पाडण्याची जी सोय दाखवतात, तिच्यापासून कृपया दूर राहा. धावत्या गाडीचे डिझेल तोडले तर इंजिन बंद पडते आणि त्याबरोबर पॉवर स्टिअरिंग जड होते. भरलेल्या ट्रेलरवर, कसारा घाटात, याचा अर्थ काय होईल ते मी सांगायला नको. ही सोय हवीच असेल तर उभी गाडी पुन्हा सुरू होऊ नये एवढ्यापुरतीच जोडणी करून घ्या.

कायद्याचे थोडक्यात. एआयएस-१४० या, गाडीची जागा कळवणाऱ्या यंत्रांसाठीच्या सरकारी मानकाचे यंत्र आणि धोक्याचे बटण १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी सार्वजनिक वाहनांना बंधनकारक झाले, रिक्षांसारखे काही प्रकार त्यातून वगळलेले आहेत. पुढे धोकादायक माल वाहणाऱ्या मोठ्या वाहनांनाही तो नियम लागू झाला. आपला माल त्यात बसत नाही, तरीही पुढे गौण खनिज किंवा रसायनांची कामे घेणार असाल तर आरटीओमध्ये विचारून मानकाचेच यंत्र घेतलेले बरे, म्हणजे दोनदा खर्च होत नाही. आणि सेवा बंद केल्यावर जुन्या नोंदी आपल्याला मिळतील का, हे करारात लिहून घ्या. आपली तीन वर्षांची माहिती दुसऱ्याच्या कुलुपात राहू नये.


उत्तर ३ : स्टिअरिंगवर_बावीस_वर्षे

मी चालक आहे. मालकमंडळींच्या चर्चेत एका चालकाचे म्हणणेही असावे, म्हणून लिहीत आहे.

काही वर्षांपूर्वी मी ज्या मालकाकडे होतो, त्यांनी जीपीएस आणि डिझेलचा सेन्सर दोन्ही बसवले, पण आम्हाला सांगितले नाही. एका रात्री कसारा घाट उतरताना पुढे अपघात झाल्यामुळे मला उतारावरच पाऊण तास थांबावे लागले. दुसऱ्या दिवशी मालकांनी मोबाइलवरचा आलेख माझ्यासमोर धरला. आलेखात घाटात थांबलो तेथे २५ लिटरचा खड्डा पडलेला होता आणि मालकांनी इतर चालकांसमोर मला डिझेल कोठे विकले असे विचारले. पुढे शहापूरला गाडी सपाटीवर आल्यावर तोच आलेख पुन्हा वर चढलेला होता. मी बोट ठेवून तो चढ दाखवला, तेव्हा ते गप्प झाले. नंतर त्यांनी चूक मान्य केली, पण चार माणसांत जे बोलले गेले ते परत घेता येत नाही. मी तो हंगाम संपल्यावर काम सोडले.

आता ज्यांच्याकडे आहे, त्यांच्याकडेही जीपीएस आहे आणि मला त्याचा काहीही त्रास नाही, उलट आधार आहे. यंत्र बसवण्याच्या दिवशी त्यांनी आम्हा सर्वांना बोलावून ते कोठे बसते, काय नोंदवते आणि काय नोंदवत नाही हे दाखवले. आमच्या मोबाइलवरही ज्याच्या-त्याच्या गाडीची नोंद दिसते. पूर्वी रस्त्यात दिवसाला दहा-बारा फोन येत असत, कधी कार्यालयाचा, कधी व्यापाऱ्याचा, ‘कुठे आलात, किती वेळ लागेल’, आणि एक हात स्टिअरिंगवर ठेवून उत्तर द्यावे लागे. आता व्यापाऱ्याला नकाशाची लिंक पाठवतात, आणि गाडी चालू दिसत असेल तर आम्हाला फोन करायचा नाही असा नियम कार्यालयात केलेला आहे. माझ्या दृष्टीने जीपीएसचा याहून मोठा उपयोग नाही.

आणखी एक सांगतो. बंदराबाहेर किंवा मार्केटबाहेर जी खोटी होते ती गाडीची जितकी होते तितकीच चालकाचीही होते. झोप नाही, आंघोळ नाही, आणि रांग पुढे सरकली तर गाडी पुढे घ्यायची म्हणून खाली उतरता येत नाही. आमचे मालक व्यापाऱ्याकडून हॉल्टिंग वसूल झाले की त्यातला तिसरा हिस्सा चालकाला देतात. शिवाय सलग किती तास गाडी चालवली हे त्यांना दिसते, त्यामुळे रात्रभर गाडी हाकून आलेल्या माणसाला लगेच दुसऱ्या फेरीवर पाठवले जात नाही. आपल्या वडिलांना सांगा की यंत्र चालकाच्या बाजूने बोलणार असेल, तर त्याला विश्वासघात वाटणार नाही. लपवून मात्र बसवू नका.


निफाडकर१४ (पुन्हा)

तिघांचेही मनापासून आभार. शेवटचे उत्तर मी काल रात्री वडिलांना वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा वाचायला लावले आणि सकाळी स्वतःहून आमच्या तीन सर्वांत जुन्या चालकांना घरी चहाला बोलावले. ज्यांचे ३,००० रुपयांचे प्रकरण झाले होते ते चालक म्हणाले, “पहिले यंत्र माझ्याच गाडीला लावा.” आम्ही असे ठरवले आहे की वाशीला जाणाऱ्या ९ ट्रकपैकी ५ ट्रकना आधी साधी यंत्रे बसवायची, डिझेलचा सेन्सर तूर्त घ्यायचा नाही, तीन महिने फेरीचा तक्ता मांडायचा आणि मग द्राक्षांच्या हंगामाआधी ट्रेलरविषयी निर्णय घ्यायचा. हॉल्टिंगमधला तिसरा हिस्सा चालकाला देण्याचे वडिलांनी त्याच बैठकीत मान्य केले.

एकच शंका उरली आहे. नकाशावर हद्द आखून दिली की गाडी आत शिरल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ आपोआप नोंदते, असे विक्रेत्याने सांगितले. ही हद्द केवढी आखावी? आणि सूचना कोणकोणत्या चालू ठेवाव्यात? दाखवण्याच्या यंत्रावर एका तासात माझ्या मोबाइलवर चाळीस सूचना आल्या.


कृष्णाकाठचा (पुन्हा)

सूचना तीनच ठेवा : हद्दीत शिरली, हद्दीतून निघाली, आणि यंत्राची वीज तुटली. वेगाची नोंद आठवड्यातून एकदा अहवालात पाहावी. मोठ्या मालवाहू गाड्यांना ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे आणि घाटात त्याहून बरीच कमी असते, तेव्हा अहवाल पाहताना सरासरीवर जाऊ नका, उतारावरचा वेग वेगळा काढा. बाकी सूचना चालू ठेवल्या तर आठवडाभरात आपण सगळ्याच वाचणे सोडून द्याल, त्यांत कामाचीही एखादी निघून जाईल.

हद्दीच्या बाबतीत आमची चूक झाली होती, ती आपली होऊ नये. आम्ही पहिल्यांदा डेअरीच्या फाटकाभोवती १०० मीटरचे वर्तुळ आखले. रांग मात्र फाटकाबाहेर जवळजवळ एक किलोमीटरपर्यंत लागत असे, आणि त्या रांगेत गेलेले तास आमच्या नोंदीत प्रवासाचे तास म्हणून धरले गेले. त्यामुळे पहिला तक्ता आम्हाला फेकून द्यावा लागला. वाशीत आपल्या गाड्या रात्री नेमक्या कोठे थांबतात हे त्या जुन्या चालकांपैकी एकाला बरोबर नेऊन एका रात्री स्वतः पाहा, आणि हद्द तेथपासून आखा. फाटकाची लहान हद्द वेगळी ठेवा. म्हणजे बाहेर किती तास गेले आणि आत किती, हे दोन्ही आकडे निराळे मिळतील, आणि व्यापाऱ्याशी बोलताना त्याचे कोणते आणि बाजार समितीचे कोणते हेही सांगता येईल. न्हावा शेव्याला हेच करावे लागेल, तेथे तर बाहेरचे थांबे एकाहून अधिक आहेत.